बावन्न मिनिटांचा तक्ता

विमानतळावर वजनकाट्यामागे बसणाऱ्या माणसाची नजर जरा बिघडलेलीच असते. दारातून कुणी आत आलं की बाकीच्यांना आधी चेहरा दिसतो, कपडे दिसतात, फारच झालं तर घाई दिसते. त्याला किलो दिसायचे. हा त्र्याहत्तर, ही अठ्ठावन्न, मागून घाम पुसत येणारे ते गृहस्थ नव्वदच्या घरात. तेरा वर्षं एकाच काट्यामागे काढल्यावर त्याचा अंदाज दोन किलोच्या बाहेर चुकत नसे. सगळे त्याला काटेसाहेब म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण तिथेही ते कुणी मोठ्याने वाचत नसे.

विमानतळ कसला, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. आत चार बाकडी, एक खिडकी, एक काटा. बाहेर धावपट्टी, आणि तीही आखूड. विमान एकच, एकोणीस जागांचं. सकाळी एकदा जायचं, दुपारी एकदा जायचं, दोन्ही वेळा त्याच एका गावाला, आणि तिथून परत. मोठ्या विमानात माणसांची वजनं कुणी करत बसत नाही, सरासरी धरून मोकळे होतात. या छोट्या विमानात सरासरी चालत नाही. प्रत्येकाला सामानासकट काट्यावर उभं करायचं, आकडा कागदावर मांडायचा, बेरीज करायची, पायलटची सही घ्यायची, मग दार लावायचं.

लोक काट्यावर चढताना लाजायचे. काही जण श्वास आत ओढून धरायचे, जणू हवेचंही वजन लागतं. कुणी म्हणायचं, "साहेब, आकडा जरा हळू बोला हो." तो बोलतच नसे. काट्याच्या तबकडीला त्याने स्वतःच्या हाताने पुठ्ठ्याचा आडोसा लावला होता. आकडा फक्त त्याला दिसे. एकदा एका नवऱ्याने मान वाकडी करून बायकोचा आकडा बघायचा प्रयत्न केला, तर काटेसाहेबांनी कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "घरी विचारा."

सामान चढवणारा हमाल होता, त्याला पैलवान म्हणत. एकोणपन्नास किलोचा माणूस. वारा सुटला तर त्याला काहीतरी धरून उभं राहावं लागेल अशी अंगकाठी. पण बॅगा उचलताना तोंड बंद ठेवणं त्याला जमत नसे. काटेसाहेब दिवसभरात जे काही बोलत, त्यातलं निम्मं पैलवानाशी आणि उरलेलं प्रवाशांशी. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर बोलायला भिंती होत्या.

त्या दोन गावांमधलं अंतर एकशे अडुसष्ट किलोमीटर. उडायला लागतात एक्केचाळीस मिनिटं. रस्त्याने जायचं तर सगळ्या डोंगराला वळसा, दोन बस बदलायच्या, अकरा तास. विमानाला एक मिनिट उडायला साडेचार किलो तेल लागतं. जायचं तेल, तिथे उतरता आलं नाही तर परत यायचं तेल, आणि वर अर्ध्या तासाचं जास्तीचं. हे सगळं आधी भरायचं. मग जे वजन उरेल त्यात माणसं बसवायची. हवा गार असली तर काही अडत नाही. पण उन्हाळ्यात दुपारी हवा पातळ होते, आखूड धावपट्टीवरून जड विमान उचललं जात नाही, आणि मग जागा रिकाम्या असूनही माणसं खाली राहतात. आधी कुणाला खाली ठेवायचं, हे ठरलेलं होतं. फुकट पासावर जाणारे कर्मचारी सगळ्यात आधी.

काटेसाहेबांचं वजन अठ्ठ्याहत्तर, पिशवी सहा. चौऱ्याऐंशी. म्हणजे जवळपास एकोणीस मिनिटांचं तेल. स्वतःला असं मिनिटांत मोजायची त्यांना सवय झाली होती.

त्यांची बायको त्या दुसऱ्या गावात राहायची. सरकारी इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे तिची नोकरी. लग्न झालं तेव्हा तेही तिकडेच होते, त्याच विमान कंपनीत, तिकडच्या काट्यावर. मग इकडे माणूस कमी पडला म्हणून दोन वर्षांसाठी पाठवलं. दोनाची तेरा कधी झाली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मूल झालं नाही. त्याबद्दल पहिली काही वर्षं बोलणं व्हायचं, नंतर तो विषयही लांब राहायला गेला.

दर शनिवारी दुपारच्या विमानाने जायचं आणि रविवारी सकाळच्या विमानाने परतायचं, असं सुरुवातीला ठरलं होतं. रविवारी एकच फेरी असायची आणि काट्यावर बदली कारकून यायचा. पण थंडीत वजन बसायचं तर जागा भरलेल्या, आणि उन्हाळ्यात जागा रिकाम्या तर वजन बसेना. वर्षातून चार-पाचदा जाणं व्हायचं. बाकीच्या शनिवारी ते पिशवी घेऊन कामावर यायचे आणि संध्याकाळी तीच पिशवी घेऊन खोलीवर जायचे. पिशवी उघडायचेही नाहीत. दाढीचं सामान, टॉवेल, चपलांचा जोड, सगळं दोन-दोन होतं; एक संच खोलीत आणि एक पिशवीत. पिशवीतल्या शर्टाच्या घड्या इतक्या पक्क्या झाल्या होत्या की घातला असता तरी त्या अंगावर दिसल्या असत्या.

खोली तिसऱ्या मजल्यावर, शिंप्याच्या दुकानावर. एक पलंग, एक शेगडी, खिडकीत उलटं ठेवलेलं एक भांडं. ताट एक, वाट्या दोन. दुसरी वाटी पहिलीवर झाकण म्हणून उपयोगी पडायची. खालून शिवणयंत्राचा आवाज येत राही, आणि तो थांबला की काटेसाहेबांना कळायचं, आठ वाजले.

त्या आठवड्यात मंगळवारी तिचा फोन आला. एरवी ती शुक्रवारी करायची.

"बढतीचा कागद आलाय," ती म्हणाली. "औषधविभागाची प्रमुख. पण मग निवृत्त होईपर्यंत इथेच. अकरा वर्षं."

"चांगलं आहे की."

"दुसरा रकानाही आहे. बढती नको असेल तर तुमच्या गावात बदली. आहे त्याच हुद्द्यावर."

काटेसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही शनिवारी या," ती म्हणाली. "समोर बसून ठरवू. फोनवर नको."

"येतो."

"वजन बसलं तर येतो, असंच ना?"

"बसेल या वेळी."

"हे बघा, सोमवारी सकाळी मला कागद द्यायचाय. तुम्ही आलात तर तो दोघांचा कागद. नाही आलात तर माझा."

तिने फोन ठेवला. तिच्या आवाजात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. खिडकीतून औषध देताना ‘सकाळी एक, संध्याकाळी एक’ सांगतात, तसल्या आवाजात ती बोलली होती.

शनिवारी ऊन सकाळपासूनच चढलं होतं. साडेबाराला पैलवानाने बॅगा ओढत आणल्या तेव्हा पत्र्याचं छप्पर कुरकुरत होतं. दुपारच्या विमानाला पंधरा प्रवासी. चार जागा रिकाम्या. काटेसाहेबांनी एकेकाला काट्यावर घेतलं, आकडे मांडले. एका शाळामास्तरांकडे पुस्तकांचं खोकं होतं, बावीस किलो. एक बाई दोन्ही हातांत कुंड्या घेऊन आली होती. त्यांचंही वजन झालं. मग त्यांनी टेबलावरच्या काचेखालचा तक्ता बघितला. तो तक्ता त्यांनीच तेरा वर्षांपूर्वी आपल्या अक्षरात लिहिलेला होता: जाणं बावन्न मिनिटं, येणं बावन्न, वर तीस. तेल सहाशे तीन किलो. बेरीज केली, वजाबाकी केली.

सात किलो उरत होते.

त्यांनी परत बेरीज केली. सातच.

पैलवान मागून डोकावला. "किती?"

"सात."

"मग पिशवी तेवढी पाठवून द्या," पैलवान म्हणाला. "वहिनी समजून घेतील."

एरवी काटेसाहेब हसले असते. आज त्यांनी पिशवी टेबलाखाली पायाने आत सरकवली. पैलवानाला ते दिसलं आणि तो गुपचूप बॅगांकडे वळला.

एवढ्यात कॅप्टन बाई सहीसाठी आल्या. महिन्याभरापूर्वीच नव्याने रुजू झाल्या होत्या, तिशी-बत्तिशीच्या. आधीचे पायलट कागद पुढे केला की खिशातून पेन काढायचे, तारखेच्या शेजारी फराटा मारायचे आणि चहाची चौकशी करायचे. या बाई कागद वाचायच्या. उभ्या उभ्या, बोट फिरवत, शाळेत बाई वही तपासतात तशा.

बोट एका जागी थांबलं.

"हे बावन्न कशाचं?"

"जायचा वेळ."

"एक्केचाळीस लागतात."

"हो, एक्केचाळीसच."

"मग इथे बावन्न?"

काटेसाहेबांनी तोंड उघडलं. उत्तर त्यांना पाठ होतं, पण ते कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदाच मोठ्याने म्हणावं लागलं. "मधे लष्कराचं गोळीबाराच्या सरावाचं मैदान होतं. त्याच्यावरून उडायला बंदी. वळसा घालून जावं लागायचं. बावन्न मिनिटं."

"होतं म्हणजे?"

"आता नाही. बंदी उठली."

"कधी?"

"आठ वर्षं झाली."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. रागावल्या नव्हत्या. कोड्यात पडल्यासारखं बघत होत्या. "म्हणजे आठ वर्षं आपण अकरा मिनिटांचं जास्तीचं तेल घेऊन जातोय. येण्याचं धरलं तर बावीस मिनिटांचं. आणि कुणी काही बोललं नाही?"

"जास्तीच्या तेलाला कुठला पायलट नको म्हणेल?" पैलवान मधेच म्हणाला.

"तेही खरंच." बाई हसल्या, मग हसू आवरून त्यांनी बोटांवर हिशोब केला. "नव्याण्णव किलो. आज कुणाला खाली ठेवलंय का?"

"हे आहेत ना," पैलवानाने हनुवटीने दाखवलं. "दर शनिवारी राहतात. पिशवीसकट."

बाईंनी काटेसाहेबांकडे बघितलं, टेबलाखालच्या पिशवीकडे बघितलं. "कुठे जायचं असतं?"

"घरी."

"घर तिकडे आहे?"

"हो."

"मग इकडे काय आहे?"

"इकडे नोकरी," काटेसाहेब म्हणाले. तोंडात मारल्यासारखे ते दोन शब्द त्यांनाच ऐकू आले.

बाईंनी पेन काढलं, बावन्नवर दोन्ही ठिकाणी आडवी रेघ मारली, वर एक्केचाळीस लिहिलं, सही केली. "तक्ता सोमवारी नवीन करा. आज तुम्ही बसा. चढा काट्यावर." मग जाता जाता थांबून, अगदी सहज विचारलं, "इतक्या वर्षांत तुमच्याशिवाय आणखी किती जण राहिले असतील हो?"

उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत. तेल कमी करायला सांगायचं होतं.

काटेसाहेबांना चेहरे आठवेनात. आकडे आठवले. एकाहत्तर, ज्याच्या हातात परीक्षेचं ओळखपत्र होतं. सहासष्ट, जिने काही न बोलता सगळी रात्र बाकड्यावर बसून काढली होती. ब्याण्णव, जो म्हणाला होता, "भाऊ वाट बघतोय माझी," आणि ज्याला त्यांनी पाण्याचा ग्लास दिला होता. ते स्वतः काट्यावर चढले. आकडा पैलवानाने वाचला आणि नेहमीसारखी थट्टा न करता कागदावर लिहिला.

त्यांना मागच्या रांगेत जागा मिळाली. विमानाने जमीन सोडली तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं, सवयीने. वीसेक मिनिटांनी खाली एक उजाड मैदान आलं. पिवळं गवत, आणि गवतात जिथे जिथे काही उगवत नाही असे गोल गोल डाग. कुंपणाचे खांब उभे होते, तारा कुणीतरी काढून नेल्या होत्या. चार-दोन गुरं चरत होती. विमानाची सावली मैदानावरून सरळ गेली, कुठेही न वळता. एवढ्याशा तुकड्याला आपण आठ वर्षं वळसा घालत होतो, तोही कागदावर.

चाळीस मिनिटांत उतरले. वारा पाठीशी होता.

तिचं घर विमानतळापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. जिना चढून त्यांनी कडी वाजवली. दार उघडायला वेळ लागला.

"अगोबाई," ती म्हणाली, "पाहुणे आले म्हणायचे."

ते उंबऱ्यातच उभे राहिले. पाच महिन्यांनी ते तिला बघत होते. एकसष्ट होती. आता छप्पन्न, कदाचित पंचावन्न. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वजन नजरेने सांगणाऱ्या माणसाच्या बायकोचे पाच-सहा किलो कधी गेले ते त्याला ठाऊक नव्हतं.

"आत या की. तिथे काय वजन करताय माझं?"

ते आत आले. चपला कुठे काढायच्या ते कळेना. पूर्वी दाराच्या डावीकडे फळी होती, आता तिथे झाडं होती. टेबलाला दोन खुर्च्या. एकीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. ती कपडे उचलायला वळली, ते म्हणाले, "राहू दे, उभा राहतो." ती म्हणाली, "उभं राहायला आलात का एवढ्या लांब?" तिने कपडे पलंगावर नेऊन ठेवले. काटेसाहेब हात धुवायला गेले आणि त्यांनी दिव्याचं बटण दाबलं तर पंखा सुरू झाला. दुसरं दाबलं तर बाहेरच्या खोलीतला दिवा विझला.

"तिसरं," ती बाहेरून म्हणाली.

तिने जेवण गरम केलं. ते जेवत असताना समोर बसली. तिचं आधीच झालं होतं. कागद टेबलावरच होता, फुलदाणीखाली दाबून ठेवलेला. दोन रकाने, दोन्हींसमोर कोरे चौकोन.

"आज कसं बसलं वजन?" तिने विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. गंमत म्हणून सांगायला सुरुवात केली. बावन्न मिनिटं, लष्कराचं मैदान, बाईंचं बोट, पैलवानाचं ते पिशवी पाठवून द्या. ती पिशवीपाशी खरोखर हसली. हसता हसता थांबली.

"आठ वर्षं?"

"आठ."

"अहो, औषधाच्या बाटलीवर आठ वर्षं चुकीचा डोस छापलेला राहिला असता तर?"

"माणूस मेला असता कुणीतरी."

"हं," ती म्हणाली. तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली, त्यांनी मागितली नसताना. "आणि ही चूक तुमच्या लक्षात कधी आली?"

"आजच. बाईंनी दाखवली तेव्हा."

"बरं."

ती उठली. भांडी गोळा केली. तिने पुढे काही विचारलं नाही आणि तेच त्यांना जड गेलं. दुपार तशीच गेली. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली, ते खिडकीशी बसून खालचा रस्ता बघत राहिले. एकदा तिने विचारलं, "चहा?" एकदा त्यांनी विचारलं, "ही झाडं कधी आणलीस?" ती म्हणाली, "दोन वर्षं झाली." दोन वर्षांत ते सात-आठ वेळा या दारातून आत आले असतील.

उन्हं उतरल्यावर ती कपबश्या विसळत होती. काटेसाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"आज नाही," ते म्हणाले.

तिने नळ बंद केला. पण मागे वळली नाही.

"तीन वर्षांपूर्वी. उन्हाळ्यातच. काच पुसत होतो, तक्त्यावरचा आकडा दिसला. कळलं लगेच. काय कळायचंय त्यात, विमान एक्केचाळीस मिनिटांत पोचेल, असा संदेश रोज इकडे मीच पाठवतो. म्हटलं, उद्या बदलू. मग काच परत ठेवली."

"का?"

"ते सांगता येत नाही."

"सांगा. येत नसेल तरी सांगा."

त्यांनी दाराच्या चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखाने काढला. "इथे आलो की मला कुठे बसायचं ते कळत नाही गं. तुझं सगळं जिथल्या तिथे असतं. मी आलो की तू कपडे उचलतेस, खुर्ची रिकामी करतेस. मी गेलो की परत ठेवत असशील. तिकडे खोलीवर निदान मी कुणाला हलवत नाही. शनिवारी वजन बसलं नाही की... वाईट वाटायचं. खोटं नाही सांगत. पण पिशवी घेऊन जिना चढताना जरा सुटल्यासारखंही वाटायचं."

तिच्या ओल्या हातांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. ओरडेल, रडेल असं त्यांना वाटलं. त्यातलं काही झालं नाही.

"विमान आमच्या छतावरूनच उतरतं," ती म्हणाली. "आवाज येतो. शनिवारी आवाज आला की मी वीस मिनिटं थांबायचे. रिक्षाची पंधरा, जिन्याची पाच. दोन ताटं मांडून. वीस मिनिटांत कडी वाजली नाही की एक ताट परत ठेवायचं आणि जेवायला बसायचं."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. पण ऐका पुढचं." ती आता वळली. "गेली दोन-तीन वर्षं वीस मिनिटं होऊन गेली की मलाही सुटल्यासारखं वाटायला लागलं होतं. ताट ठेवून द्यायचं, रेडिओ लावायचा, पाय वर घेऊन बसायचं. आज तर मी थांबलेही नाही. आवाज यायच्या आधीच जेवले."

पुष्कळ दिवसांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट ही होती.

ती बाहेरच्या खोलीत आली, खुर्चीत बसली. फुलदाणीखालचा कागद पुढे ओढला. ते समोर बसले.

"मी बढती सोडून तिकडे आले असते तर तुम्हाला चाललं असतं?"

"चाललं असतं."

"आवडलं असतं?"

काटेसाहेबांना हो म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होता, काही खर्च नव्हता त्याला. पण तिने आत्ताच खरं सांगितलं होतं, आणि त्यांनीही. त्या दोन खऱ्यांच्या शेजारी हा शब्द ठेवावासा वाटेना. जितकं थांबायला हवं होतं तितकं ती थांबली. मग तिने पहिल्या रकान्यात खूण केली आणि खाली सही केली. पेनाला टोपण लावलं.

"दोघांचा कागद म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"दोघांनीच तर ठरवलं."

रात्री ते पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला आडवे व्हायला लागले तर ती म्हणाली, "तिकडे मी झोपते." ते सरकले. अंधारात बऱ्याच वेळाने तिचा हात त्यांच्या मनगटावर आला. नाडी बघावी तसा. तिथेच राहिला. त्यांनी तो हलू नये म्हणून कूसही बदलली नाही.

सकाळी ती जिन्यापर्यंत आली. ते तीन पायऱ्या उतरल्यावर म्हणाली, "अहो."

ते थांबले.

"यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. यायचं नसेल तरी सांगा. यावंसं वाटत नाही म्हणून सांगितलंत तरी चालेल मला. पण वजनाचं सांगू नका."

"नाही सांगणार."

रविवारच्या विमानात सातच माणसं होती. हवा गार होती, वजनाची काही अडचण नव्हती. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, पुढचीही. जाताना ते मैदान कुठल्या बाजूला लागलं ते त्यांनी पाहून ठेवलं होतं, तरी येताना खिडकीबाहेर बघितलं नाही.

सोमवारी त्यांनी काच उचलली, जुना तक्ता काढला, त्याच्या जागी नवीन लिहिला. जाणं एक्केचाळीस, येणं एक्केचाळीस, वर तीस. तेल पाचशे चार किलो. पैलवान शेजारी उभा राहून बघत होता.

"आता शनिवारचं काय?" त्याने विचारलं. "आता तर रस्ता मोकळा."

"बघू," काटेसाहेब म्हणाले.

त्या आठवड्यात दुपारच्या विमानाने एकही माणूस खाली राहिला नाही. बुधवारी एक म्हातारे गृहस्थ सगळ्यात शेवटी आले, हातात इस्पितळाची पिशवी, धाप लागलेली. त्यांच्यापुरतं वजन उरलं होतं. "नशीब माझं," असं पुटपुटत ते काट्यावर चढले. काटेसाहेबांनी मान खाली घालून आकडा लिहिला.

शुक्रवारी संध्याकाळी खालचं शिवणयंत्र अजून चालू होतं. काटेसाहेबांनी पिशवी पलंगावर ठेवली. कपाटाजवळ गेले, परत आले. बरीच मिनिटं पिशवीकडे बघत बसले. तेरा वर्षांत पहिल्यांदाच जाऊ की नको हा प्रश्न त्यांना एकट्याला सोडवायचा होता. काट्याला विचारता येणार नव्हतं.

मग त्यांनी फोन लावला.

"मी उद्या येत नाही," ते म्हणाले.

का, असं तिने विचारलं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मागे रेडिओ चालू होता, तो तिने लहान केला.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या मी वेळेवर जेवते."

"जेव."

"तुम्ही काय केलंय जेवायला?"

काटेसाहेबांनी शेगडीकडे बघितलं. त्यावर अजून काहीच नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. ती म्हणाली, मग आता लावा काहीतरी, मी आहे फोनवर. त्यांनी फोन खांद्याने कानाशी धरला आणि एका माणसापुरतं पाणी मोजून घेतलं.